आठ आण्यांचं नाणं बाद करावं का?

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचं नाणं मात्र आजही कायदेशीर आहे. २०११च्या नाणे कायद्यानुसार दहा रुपयांपर्यंतची रक्कम त्यात चुकती करता येते. पण बाजारात ते घेतो कोण? त्याला रीतसर निरोप द्यायला हवा.

रुपयाची गोष्ट वेगळी. धातू महागला की नाणं पाडण्याचा खर्च त्याच्या किमतीवर जातो, हे खरं. तरी एकच नाणं वर्षानुवर्षं हातोहात फिरतं, हे विसरू नये. रुपया गेला, तर सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर ठेवण्याची सवय पक्की होईल आणि किरकोळ भाव वरच्याच आकड्याला टेकतील. त्याची झळ रोज थोडंथोडं विकत घेणाऱ्याला सगळ्यात जास्त बसेल.