चटईवरचा वर्ग

वाचकहो, व्यायाम म्हटला की आपल्यापुढे तालीम उभी राहते. बायकांच्या व्यायामाची गोष्ट काढली, तर पुष्कळ जण म्हणतात, "त्यांना घरकाम काय थोडं आहे?" प्रश्न रास्त आहे. परंतु कामाने अंग थकते. सगळे अंग बळकट होतेच असे नाही. वाकून वाकून कंबर धरते, बाळंतपणानंतर ओटीपोट सैल पडते, साठीनंतर पाऊल अडखळू लागते. इंग्लंडच्या खेड्यांतून अशा बायकांसाठी बायकाच एक वर्ग चालवतात. त्या व्यायामाचे नाव पिलाटीस.

हे एका माणसाचे आडनाव बरं का! जोसेफ पिलाटीस १८८३ साली जर्मनीत जन्मला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आयल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध केले. पुढे न्यूयॉर्कमध्ये पत्नी क्लारा हिच्यासह त्याने व्यायामशाळा चालवली. १९६७ साली तो वारला. स्प्रिंग लावलेली यंत्रेही त्याने बनवली होती. पण खेड्यात चालतो तो नुसता चटईवरचा भाग.

तो कसा, ते पाहा. उताणे निजून गुडघे वर घ्यायचे, तळवे जमिनीवर टेकवायचे. श्वास सोडता सोडता ओटीपोट हलकेच आत घ्यायचे आणि एकेक मणका चटईवरून सोडवीत कंबर उचलायची. मग तितक्याच सावकाश खाली यायचे. आपल्या सेतुबंधासनाशी याचे जवळचे नाते दिसेल. पोटाचे खोलवरचे स्नायू, मणक्यांलगतचे बारीक स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकजुटीने काम करतात, तेव्हा कण्याला जणू आतून कमरपट्टा मिळतो. खोकताना, शिंकताना लघवी आवरणारे स्नायू हे तळाचेच. ज्या दुखण्याचा उच्चारही बाई घरात करीत नाही, ते बायकांच्या वर्गात बोलायला सोपे जाते.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात गावकीची सुमारे १०,००० सभागृहे आहेत. बहुतेकांचा कारभार गावचे स्वयंसेवकच पाहतात. शिक्षिका तासाच्या भाड्याने जागा घेते आणि तो खर्च शिकणाऱ्यांच्या फीतून निघतो. माणसे कमी झाली की वर्ग बंद पडतो. म्हणून वर्ग टिकवणे हे एकटीचे काम नव्हे.

असा प्रयत्न तिथे नवा नाही. १९३० साली मेरी बॅगट स्टॅक या बाईंनी लंडनमध्ये 'विमेन्स लीग ऑफ हेल्थ अँड ब्यूटी' ही संस्था काढली. सामान्य बायकांना परवडेल अशा वर्गणीत व्यायाम शिकवणे हा तिचा हेतू. बाई पूर्वी हिंदुस्थानात राहिल्या होत्या आणि इथली आसने शिकल्या होत्या. तेव्हा या चटईला आपलाही एक धागा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता म्हणाल, गुण येतो का? २०१५ साली जुन्या कंबरदुखीवरील प्रयोग एकत्र तपासले गेले. काहीच न करण्यापेक्षा पिलाटीस बरे, असे दिसले. इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असे मात्र ठरले नाही. वृद्धांच्या पडण्याविषयी २०१९ साली अशीच तपासणी झाली. नियमित व्यायामाने, विशेषतः तोल सांभाळण्याच्या व्यायामाने, पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे तीत आढळले. म्हणून उभे राहून टाचा उचलणे, एका पायावर तोल धरणे हेही वर्गात हवेच. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, की चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते.

आणि इथेच सावध राहायला हवे. २००० साली अमेरिकेच्या न्यायालयाने ठरवले, की 'पिलाटीस' या नावावर कुणा एकाची मालकी नाही. म्हणजे पाटी कुणीही लावू शकतो! हाडे ठिसूळ झालेल्या आजीला निजल्या जागेवरून पाठ वाकवीत पुढे उठायला लावले, तर मणका मोडण्याचा धोका असतो. चांगल्या शिक्षिकेची परीक्षा ती किती प्रकार शिकवते यावर नसते; कुणाला काय करू द्यायचे नाही, हे तिला ठाऊक असते. ती आधी विचारते, "बाळंतपण कधी झालं? रक्तदाब आहे का? यंदा कधी पडलात का?"

गुरुजी, बाई, आपल्या गावी शाळा सुटल्यावर एखादा वर्ग रिकामा असतो, सतरंज्याही असतात. नाव पिलाटीस असो वा योगासने, शिकवायला गावातलीच बाई मिळाली तर फार बरे. कारण कुणाची सून बाळंत झाली, कुणाची आजी परवा घसरली, हे तिला न सांगता कळते. मात्र तिला आधी रीतसर शिकायला पाठवा, आणि खोलीची किल्ली ठरल्या वारी ठरल्या वेळी तिच्या हाती पडेल असे पाहा.