एकाच घरात, वर्षभर

नाझींमुळे व्हिएन्ना सोडावं लागलेले बालरोगतज्ज्ञ कार्ल क्योनिग यांनी १९४० साली स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ कॅम्पहिल सुरू केलं. विशेष मुलं आणि त्यांना सांभाळणारे एकाच छपराखाली राहणार, हे तिथलं सूत्र. परदेशी स्वयंसेवक बहुधा वर्षभरासाठी येतात. राहणं-जेवण आणि थोडा हातखर्च मिळतो, पगार नाही. भारतीयांना ब्रिटनचा चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो, तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. पोलिसांचा चारित्र्य दाखला आधीच काढून ठेवलेला बरा. ‘दोन आठवडे सेवा, शिवाय सहल’ अशा पॅकेजांच्या नादी मात्र लागू नये. मुलांना माणसाची सवय व्हायच्या आतच ते माणूस विमानात बसलेलं असतं.

अशा घरांत डाउन सिंड्रोम असलेली मुलंही असतात. त्यांच्या ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं अधिक लक्षात राहतं. म्हणून ब्रिटनमध्ये बोलताना सोबत मॅकाटन या संकेतपद्धतीच्या हातखुणा करतात. (इंग्रजी कच्चं असलेल्या पाहुण्याचंही त्यात भागतं!) काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, तेव्हा कोलांटउडी शिकवण्याआधी विचारून घ्यावं. सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो; खेळता खेळता मूल मध्येच बसलं, तर ‘आळशी’ म्हणू नये.