अंथरूण तेवढ्याच वॉटचं

तेरा-चौदा इंची पडदा, सव्वा-दीड किलो वजन, धातूची बॉडी आणि लाखाच्या पुढची किंमत. असा लॅपटॉप घ्यायचा ठरला की घरातली आणि दुकानातली चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते : ‘प्रोसेसर आय-५ की आय-७?’ आणि ‘ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का?’ डेस्कटॉपसाठी हे प्रश्न रास्त आहेत. तिथे प्रोसेसरचा पंखा वेगळा, ग्राफिक्स कार्डाचे पंखे वेगळे आणि वीज दोघांना पुरून उरेल एवढी. लहान लॅपटॉपमध्ये मात्र हे दोघे एकाच ताटात जेवतात. बॅटरी एक, मदरबोर्डला जागा थोडकी, उष्णता बाहेर टाकण्याची वाट बहुधा एकच आणि पुष्कळदा रॅमही सामाईक. एकाच्या पानात जास्त वाढलं तर दुसऱ्याचं कमी होणारच. त्यामुळे ताटात एकूण आहे किती आणि त्याची वाटणी कशी झाली आहे, हे न बघता नुसत्या नावांवरून केलेली तुलना फसते. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे रूढ झालेले काही गैरसमज इथे तपासायचे आहेत.

गैरसमज : जुन्या पिढीचा प्रोसेसर दिला म्हणजे ग्राहकाला फसवलं

या वादाचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१० सालचं आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅपलनं मॅकबुक प्रोच्या नव्या आवृत्त्या आणल्या. १५ आणि १७ इंची लॅपटॉपना इंटेलचे नवे कोअर आय-५ आणि आय-७ प्रोसेसर मिळाले. १३ इंचीला मात्र कोअर २ डुओच राहिला. हे नाव २००६ पासून बाजारात होतं. ‘प्रो’ म्हणून पैसे घ्यायचे आणि आत शिळा प्रोसेसर घालायचा, अशी टीका तेव्हा भरपूर झाली. पण त्या जुन्या प्रोसेसरच्या जोडीला काय होतं, ते बघायला हवं. आधीच्या आवृत्तीत एनव्हिडियाची जीफोर्स ९४००एम ही १६ कोअरची ग्राफिक्स चिप होती. नव्यात ४८ कोअरची ३२०एम आली. विशेष म्हणजे ३२०एम ही नुसती ग्राफिक्स चिप नव्हती, मदरबोर्डवरच्या चिपसेटचं कामही तीच करायची. म्हणजे प्रोसेसर आणि ३२०एम अशा दोन चिपांत सगळा संसार आटोपत होता.

नवा कोअर आय-५ घेतला असता तर हे गणित बिघडलं असतं. इंटेलच्या त्या पिढीत प्रोसेसरच्याच पुडक्यात इंटेलचं स्वतःचं, तेव्हा बरंच कमकुवत असलेलं ग्राफिक्स येत होतं आणि चिपसेटही इंटेलचाच घ्यावा लागत होता. नव्या प्रोसेसरांसाठी चिपसेट बनवण्याचा परवाना एनव्हिडियाकडे आहे की नाही, यावर दोन्ही कंपन्यांत वाद पेटला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये इंटेल कोर्टात गेली होती. थोडक्यात, चांगलं ग्राफिक्स हवं तर प्रोसेसर, चिपसेट आणि स्वतंत्र ग्राफिक्स चिप अशा तीन चिपा, शिवाय ग्राफिक्सची वेगळी मेमरी, एवढं सगळं १३ इंची अंगात कोंबावं लागलं असतं. ते नको असेल तर ग्राफिक्समध्ये मागे जावं लागलं असतं. अ‍ॅपलनं प्रोसेसर जुना ठेवला, ग्राफिक्स वाढवलं आणि बॅटरीचा दावा सात तासांवरून दहा तासांवर नेला. या निवडीचा तोटा झालेले लोकही होते. व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्याला किंवा मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणाऱ्याला आय-५चा वेग हवा होता आणि त्याची तक्रार खरी होती. पण ती तक्रार ‘वाटणी माझ्या कामाची नाही’ एवढीच होते. तिला फसवणूक म्हणता येत नाही.

पुढच्याच वर्षी नाणं उलटलं. जानेवारी २०११ मध्ये इंटेलनं एनव्हिडियाला हप्त्यांनी १५० कोटी डॉलर देण्याचं मान्य करून वाद मिटवला. फेब्रुवारीत १३ इंची मॅकबुक प्रोला इंटेलच्या पुढच्या पिढीचा प्रोसेसर मिळाला. प्रोसेसरचा वेग कंपनीच्या दाव्यानुसार दुपटीपर्यंत गेला, तर त्यातलं एचडी ३००० ग्राफिक्स साधारण जुन्या ३२०एमच्या बरोबरीचंच राहिलं. काही बाबतींत ते मागेही गेलं : ग्राफिक्स चिपकडून हिशेबाची कामं करून घेणारी ओपनसीएलची सोय ३२०एमवर होती, ती एचडी ३०००वर मिळाली नाही. सलग दोन वर्षांचे दोन लॅपटॉप, किंमत तीच, आकार तोच. एकात झुकतं माप ग्राफिक्सला, दुसऱ्यात प्रोसेसरला.

गैरसमज : जागा नसणं ही सबब आहे, मनात आणलं तर दोन्ही बसतं

हा आक्षेप वजनदार आहे, कारण त्याच २०१० मध्ये सोनीनं दोन्ही बसवून दाखवलं. व्हायो झेड हा १३.१ इंची लॅपटॉप जेमतेम १.४ किलोचा होता आणि त्यात नवा कोअर आय-५ किंवा आय-७ होता, शिवाय एनव्हिडियाचं जीटी ३३०एम हे स्वतंत्र ग्राफिक्सही. पण त्याच्या कीबोर्डच्या वर एक छोटा खटका होता. त्यावर तीन शब्द लिहिलेले होते : स्टॅमिना, स्पीड, ऑटो. स्टॅमिनावर ठेवला की स्वतंत्र ग्राफिक्स बंद पडायचं आणि बॅटरी टिकायची. स्पीडवर नेला की ग्राफिक्स चालू व्हायचं आणि बॅटरी भराभर उतरायची. सोनीनं तडजोड टाळली नाही, तिचा खटका ग्राहकाच्या हाती दिला. आणि या सोयीची किंमत १,१९९ डॉलरच्या मॅकबुक प्रोपेक्षा कितीतरी जास्त होती.

दहा वर्षांनी, २०२० मध्ये, आसुसचा झेफिरस जी-१४ आला. १४ इंची, सुमारे १.६ किलो, आठ कोअरचा रायझन ९ आणि सोबत आरटीएक्स २०६०. पण यात वेबकॅम नव्हता, आणि तोही नेमक्या घरबसल्या मीटिंगांच्या वर्षात. तेव्हा दोन्ही बसतं, हे खरं. पण फुकट बसत नाही. किंमत, वजन, पंख्याचा आवाज, बॅटरी किंवा एखादी सोय, यांपैकी कुठेतरी बिल फाडलं जातंच. बॅटरीपुरता हिशेब तर पाढे म्हणण्याइतका सोपा आहे. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर असल्यानं लॅपटॉपची बॅटरी त्यापुढे सहसा जात नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्सनं मिळून १०० वॉट ओढले, तर मोठ्यात मोठी बॅटरीही तासाभरात संपणार.

गैरसमज : नाव एक असेल तर ताकदही एकच

झाकणाखालच्या स्टिकरवर जेवढा विश्वास टाकला जातो तेवढा तो विश्वासाला पात्र नसतो. २०१३ च्या पातळ लॅपटॉपमधला कोअर आय-७ ४५००यू हा दोन कोअरचा, १५ वॉटचा प्रोसेसर होता. त्याच पिढीच्या डेस्कटॉपमधल्या साध्या आय-५ ४५७०ला चार कोअर होते. ग्राफिक्सचंही तेच. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० कार्डात १६,३८४ कोअर आणि ४५० वॉट. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९०मध्ये ९,७२८ कोअर आणि ८० ते १५० वॉट. दोन लॅपटॉपांतही एक नाव एक ताकद सांगत नाही. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६०ला एनव्हिडियानं ३५ पासून ११५ वॉटपर्यंतची मुभा दिली आहे. एकाच नावाची चिप एका कंपनीनं बारीक आचेवर ठेवली आणि दुसरीनं मोठ्या आचेवर, असा हा प्रकार.

आच कमी म्हणजे वेगही त्याच प्रमाणात कमी, असं मात्र नाही. चिपची गती वाढवायची तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. परिणामी शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. वॉट एक तृतीयांश कमी केले तरी वेग त्यापेक्षा बराच कमी घटतो. लहान लॅपटॉप लोकांना वाटतो तेवढा दुबळा का नसतो आणि त्यातला सगळ्यात वरचा प्रोसेसर दामाच्या मानानं एवढा कमी का देतो, या दोन्हींचं उत्तर या एकाच नियमात आहे. जुलै २०१८ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोमधला आय-९ प्रोसेसर जड कामात आपल्या मूळ गतीच्याही खाली घसरत असल्याचं दिसून आलं. अ‍ॅपलनं चूक मान्य करून सॉफ्टवेअरची दुरुस्ती दिली. उलट बाजूनं, नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिप आली ती मॅकबुक एअर आणि १३ इंची मॅकबुक प्रो, दोन्हींत. एअरला पंखाच नाही, प्रोला आहे. पाच मिनिटांच्या कामात दोन्ही जवळजवळ सारखे. तासभर व्हिडिओ रेंडर करायला लावला की एअर तापून हळू होतो. म्हणूनच दोन-चार मिनिटांच्या चाचणीतले आकडे बघून लहान लॅपटॉप निवडू नये.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. चिप कितपत थंड होते ते तिच्या आणि खोलीच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिपची मर्यादा १०० अंश धरली तर २० अंशांच्या वातानुकूलित खोलीत ८० अंशांचा फरक मिळतो आणि ४० अंशांच्या खोलीत ६० अंशांचा. ढोबळमानानं चौथा हिस्सा गेला. अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सांगते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला पंख्याखाली बसून काम करणाऱ्यानं परदेशी परीक्षणांतले आकडे थोडे खाली ओढूनच वाचावेत.

गैरसमज : प्रोसेसरमधलं ग्राफिक्स म्हणजे कामचलाऊ

२०१० मध्ये या समजाला आधार होता, आज फारसा उरलेला नाही. मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ बघण्यासाठी वेगळं कार्ड लागतं, असं अजूनही सांगितलं जातं. प्रत्यक्षात व्हिडिओ उलगडण्याचं काम चिपमधला एक राखीव भाग करतो आणि तो प्रोसेसरसोबतच येतो. अशा ग्राफिक्सची खरी नड वेगळीच आहे : ते रॅम प्रोसेसरशी वाटून घेतं. डीडीआर-४ ३२०० जातीच्या रॅमची एकच स्टिक असेल तर सेकंदाला २५.६ जीबी एवढा माल ये-जा करतो, दोन असतील तर ५१.२ जीबी. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६०च्या स्वतःच्या मेमरीत हाच आकडा २५६ जीबी आहे.

हा फरक विकत घेणाऱ्याला डोळ्यांनी बघता येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीचे काही लॅपटॉप ‘आयरिस एक्सई ग्राफिक्स’ म्हणून विकले गेले. त्यात ८ जीबीची एकच स्टिक असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या जागी ‘यूएचडी’ हे साधं नाव दिसतं. आयरिस एक्सई हे नाव मिळायला रॅमच्या दोन्ही वाटा भरलेल्या असाव्या लागतात, अशी इंटेलचीच अट आहे. दुसरी स्टिक घातली की नाव बदलतं आणि वेगही. चिप तीच, फक्त तिला चारापाणी मिळालं.

हीच वाट रुंद केली की काय होतं, ते एएमडीच्या २०२५ मधल्या रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ या चिपनं दाखवलं. प्रोसेसरचे १६ कोअर आणि ग्राफिक्सची ४० युनिटं एकाच ठिकाणी, मेमरीचा वेग सेकंदाला २५६ जीबी आणि मेमरी १२८ जीबीपर्यंत. एचपीनं ती १४ इंची झेडबुक अल्ट्रामध्ये बसवली. पण तिलाही ४५ ते १२० वॉट लागतात. अंथरूण शिवून एक केलं तरी त्याची लांबी तीच राहते.

गैरसमज : पुढे लागेल म्हणून आजच सगळ्यात मोठं घ्यावं

हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पैसे चुकीच्या खणात जातात. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच जडवलेली असते. ती नंतर वाढत नाही. पाच वर्षं वापरायचा असेल तर आय-५चा आय-७ करण्यापेक्षा १६ जीबीची ३२ जीबी रॅम करणं बहुतेकांच्या जास्त उपयोगी पडतं. ज्याचं काम लेखन, हिशेब, ब्राउझर आणि मीटिंगांचं आहे, त्यानं वेगळ्या ग्राफिक्सचा नाद सोडावा; ते न वापरता तो फक्त वजन वाहील. थ्रीडी, गेम किंवा एनव्हिडियाचीच चिप मागणारं सॉफ्टवेअर ज्याच्या पोटापाण्याचं आहे, त्यानं ग्राफिक्स अवश्य घ्यावं, पण नाव न विचारता वॉट विचारावेत. आणि ज्याला दिवसभर दोन्हींची पूर्ण ताकद हवी, त्यानं लहान लॅपटॉपचा हट्टच धरू नये. १६ इंची किंवा डेस्कटॉप त्याला कमी पैशांत जास्त देईल.

सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानं इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली आणि इंटेलचा प्रोसेसर व एनव्हिडियाचं ग्राफिक्स एकत्र असलेल्या चिपा बनवण्याचंही जाहीर केलं. ज्यांच्या भांडणापायी २०१० मध्ये एका लॅपटॉपला जुना प्रोसेसर घ्यावा लागला, तेच दोघे आता एका ताटात जेवायला बसणार आहेत. त्या चिपांचे लॅपटॉप दुकानात आले की त्यांवरही नवी, आकर्षक नावं असतील. तेव्हाही दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा : ही चिप तासभर किती वॉटवर टिकते, रॅम किती आणि किती वेगाची आहे, आणि पंखा आहे का? स्टिकर वाचायला त्यानंतरही वेळ असतो.