कीर्ति, संपत्ति आणि समाधान

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथील प्राचीन देवालयांत मुख्य दर्शनासाठीं वर चढावें लागत नाहीं. मान लववून अरुंद वाटेनें तळच्या गाभाऱ्यांत उतरावें लागतें. या स्थळाशीं जोडलेली एक कथाहि अशीच मान लववावयास शिकविते. ती वारकरी परंपरेंतील असली तरी ख्रिस्ती वाचकानें तिचा विचार करावा, अशा योग्यतेची आहे.

कथा अशी. संत नामदेव यांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलेलें नरसी हें गांव याच जिल्ह्यांत आहे. विठ्ठलाचे लाडके भक्त म्हणून नामदेवांची कीर्ति झाली होती. एकदां संतमंडळी जमली असतां, मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा कुंभारांनीं मडकीं पारखण्याचें थापटणें हातीं घेतलें आणि प्रत्येकाच्या मस्तकावर ठोका मारून पाहिला. इतर सारे स्वस्थ बसले. नामदेवांस मात्र तो अपमान वाटला. तेव्हां गोरोबांनीं निकाल दिला, कीं हें मडकें अद्याप कच्चें आहे. खिन्न झालेले नामदेव पुढें औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले. पाहतात तों विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! देव जेथें नाहीं तेथें माझे पाय उचलून ठेव, असें विसोबांनीं सांगितलें. पण जेथें जेथें पाय ठेवावे तेथें तेथें पिंडी दिसूं लागली. नामदेवांचा अहंकार गळाला आणि त्यांनीं विसोबांस गुरु केलें.

कथेंतील चमत्कार बाजूस ठेविला तरी तिचा प्रश्न उरतोच. नांव मिळविलेला मनुष्य एका ठोक्यानें इतका कां दुखावतो? कारण उघड आहे. त्याची मनःशांति लोकांच्या मतावर उभी असते. लोकांनीं हात काढून घेतला, कीं ती कोसळते. कीर्ति मिळणें हें पाप नव्हे; तिच्यावाचून जीव तगमगूं लागणें हा रोग होय. पुढें नामदेवांची कीर्ति पंजाबापर्यंत गेली. घुमान येथें त्यांचें स्मारक आहे, आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं 61 पदें आहेत. परंतु परंपरा त्यांच्या या मोठेपणाबरोबर त्यांच्या कच्चेपणाची गोष्टहि जपून ठेविते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आतां शुभवर्तमानाकडे वळूं. जब्दीचे पुत्र याकोब व योहान यांनीं प्रभु येशूच्या वैभवांत त्याच्या उजवीकडे व डावीकडे बसावयास मिळावें, अशी मागणी केली. इतर दहा शिष्य रागावले. बहुधा त्यांच्याहि मनांत तेंच असावें! येशूनें त्यांस काय शिकविलें? मोठें होण्याची इच्छा टाकून द्या, असें त्यानें म्हटलें नाहीं. त्यानें मोठेपणाचें मापच बदललें. जो मोठा होऊं इच्छितो त्यानें सेवक व्हावें, हें तें नवें माप. तसेंच, मोठीं कोठारें बांधूं पाहणाऱ्या धनवानाच्या दृष्टांतांत पीक चांगलें येणें हा दोष नव्हता. त्याच्या साऱ्या बेतांत त्याच्यावांचून दुसरा कोणीच नव्हता, हा दोष होता.

हें नवें माप आपल्या महाराष्ट्रांत लावून पाहूं. पंडिता रमाबाईंस 1878 सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं 'सरस्वती' ही पदवी दिली. पुढें इंग्लंड-अमेरिकेंतहि त्यांचें नांव झालें. त्या कीर्तीचा त्यांनीं काय उपयोग केला? 1889 सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. 1896-97 च्या दुष्काळांत मध्य प्रांतांत स्वतः जाऊन त्यांनीं निराधार मुली आणिल्या, आणि केडगांवच्या मुक्ति सदनांत त्यांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची सोय केली. रमाबाईंचे आईबाप दुष्काळांतच वारले होते. म्हणून त्यांनीं भुकेल्या मुलींस समाधानाचा उपदेश केला नाहीं. त्यांस जेवूं घातलें. येथें आपण नीट समजून घ्यावें, कीं समाधान हें स्वतःपाशीं मागावयाचें असतें. पोट भरलेल्यानें उपाशी मनुष्यास तें शिकविणें हा निर्दयपणा होय.

संपत्तीविषयीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें उदाहरण घ्या. 1895 सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. कवि म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता आणि मिशनचा पगारहि चालू होता. तरी 1917 सालीं त्यांनीं तो पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. 1919 सालीं ते निवर्तले. हातीं घेतलेलें 'ख्रिस्तायन' अपुरेंच राहिलें. जगाच्या हिशेबीं हा तोटा ठरेल. परंतु तें काव्य पुढें लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें, आणि टिळकांचीं भजनें मराठी मंडळ्या आजहि गातात.

मग समाधान म्हणजे आळस काय? मुळींच नव्हे. रमाबाई आयुष्याच्या अखेरपर्यंत संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत गढल्या होत्या. स्वतःच्या वाट्याविषयीं समाधान आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयीं असमाधान, हीं दोन्ही एकाच अंतःकरणांत नांदूं शकतात. किंबहुना पहिलें असल्यावांचून दुसरें टिकत नाहीं. कारण ज्याचें मन आपल्याच उण्यापुऱ्याच्या हिशेबांत गुंतलें, त्याला शेजाऱ्याकडे पाहावयास सवड कोठून मिळणार? असें समाधान जन्मतः येत नाहीं. पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस बंदिवासांतून लिहितांना, आपण तें शिकलों, असेंच म्हटलें आहे. जें शिकतां येतें, तें आपणांसहि साध्य आहे.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, परीक्षेंत पहिला क्रमांक मिळवावा, विद्येनें पुढें यावें, ही इच्छा अवश्य धरा. पण निकालाच्या दिवशीं आपलें नांव यादींत खालीं दिसलें आणि मित्राचें वर दिसलें, तर त्याच्याकडे जाऊन मोकळ्या मनानें त्याचें अभिनंदन करतां येतें काय, हें पाहा. गोरोबांचें थापटणें त्या दिवशीं आपल्या मस्तकावर असतें. आवाज कच्चा आला तरी निराश होऊं नका. नामदेवांचाहि कच्चाच आला होता. म्हणून तर ते औंढ्याची वाट चालले.