पारव्याच्या चोचीचं टोक

जामनेर तालुक्यात पडीक विहीर दिसली की तिच्या कपारींत पारवे असणारच. अशाच एका विहिरीपाशी मांज्यात पाय गुरफटलेला पारवा एका शेतकऱ्याने धरून माझ्या हातात दिला. मांजा सोडवून झाल्यावर मी त्याचा पंख उन्हाकडे धरून उलगडला.

मोठ्या पिसाच्या दोन तंतूंमधल्या फटीत एक लांबट, बारीक ऊ बसली होती. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची आणि तंतूंच्याच दिशेने आडवी झालेली. नखाने डिवचली तेव्हा ती पुढच्या फटीत सरकली, नाहीतर दिसलीही नसती. शास्त्रज्ञ तिला ‘कोलंबिकोला कोलंबी’ म्हणतात. ही माणसाच्या उवेसारखी रक्त पीत नाही. अंगावरची मऊ पिसं खाते आणि लपायला पंखात येते.

तिला एवढं लपावं का लागतं, ते पारवा सुटून विहिरीच्या कठड्यावर बसल्यावर दिसलं. कितीतरी वेळ तो एकेक पीस बुडापासून टोकापर्यंत चोचीतून काढत होता. त्याच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपुढे एक-दोन मिलिमीटर वाकलेलं असतं. खालची चोच त्या टोकावर पुढे सरकते आणि मध्ये आलेली ऊ कात्रीत सापडावी तशी चिरडते.

अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या डेल क्लेटन आणि सहकाऱ्यांनी पारव्यांचं तेवढंच टोक छाटून पाहिलं. दाणे टिपण्यात काही फरक पडला नाही, उवा मात्र बेसुमार वाढल्या. टोक पुन्हा वाढलं तशा त्या घटल्या. चोच खाण्यासाठी घडली असं आपण शिकलो. तिच्या टोकाला उवांनीही आकार दिला आहे.

चोचीनेही उवांना घडवलं. याच गटाचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. राखाडी पारव्यांवरच्या उवा त्यांनी पांढऱ्या आणि काळ्या कबुतरांवर सोडल्या. चार वर्षांत, म्हणजे उवांच्या सुमारे ६० पिढ्यांत, पांढऱ्यांवरच्या उवा फिकट झाल्या आणि काळ्यांवरच्या गडद. चोच पूर्ण मिटू नये अशी सोय केलेल्या पक्ष्यांवर मात्र हा बदल झाला नाही. पिसांवर उठून दिसणारी ऊ चोच आधी टिपते. लपलेली उरते आणि तिचीच पिल्लं वाढतात. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वीची गोष्ट, असं मानणाऱ्याने हा प्रयोग जरूर वाचावा.

कोंबड्यांचंही असंच आहे. चोच छाटलेल्या कोंबड्यांवर उवा जास्त सापडतात, कारण त्यांचं मुख्य हत्यारच गेलेलं असतं. मातीत लोळणं ही त्यांची दुसरी तजवीज. तेव्हा परसात चार कोंबड्या पाळत असाल, तर त्यांच्या चोचीला हात लावू नका आणि लोळायला कोरड्या, भुसभुशीत मातीचा एक कोपरा राखून ठेवा.