लोकशाहीच्या पडझडीचा अभ्यासक : हुआन लिन्झ

जगातील यच्चयावत राज्यपद्धतींची वाटणी लोकशाही आणि सर्वंकष हुकूमशाही अशा दोनच खात्यांत करावी, आणि जी राजवट एकीत बसत नाही ती दुसरीच्या वाटेवर आहे असे मानून मोकळे व्हावे, अशी समजूत राज्यशास्त्रात रूढ होती. त्या काळात, म्हणजे १९६४ साली, हुआन लिन्झ यांनी जनरल फ्रँको यांच्या स्पेनवर एक निबंध लिहून तिसरे खाते उघडले. चर्च, लष्कर, जमीनदार, राजनिष्ठ अशा अनेक गटांना ज्या राजवटीत आपापली मर्यादित जागा आहे, पण जनतेपुढे जबाब देण्याचे बंधन कोणावरच नाही; जिच्यापाशी रेखीव तत्त्वप्रणालीऐवजी केवळ एक मनोवृत्ती आहे; आणि प्रजेने मिरवणुकीत घोषणा देण्यापेक्षा घरी स्वस्थ बसावे हेच जिला सोयीचे वाटते, त्या राजवटीला त्यांनी अधिकारशाही म्हटले. आज हा शब्द आपण सहज वापरतो, परंतु त्याला शास्त्रीय अर्थ या निबंधाने दिला.

या सूक्ष्म दृष्टीचे मूळ त्यांच्या बालपणात असावे असे मला वाटते. १९२६ साली बॉन येथे जर्मन पिता आणि स्पॅनिश माता यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा १९३२ साली, हिटलर चॅन्सेलर होण्याच्या आदल्या वर्षी, स्पेनमध्ये आला. आणि अवघ्या नवव्या वर्षी त्याने तेथील प्रजासत्ताकही यादवी युद्धात होरपळताना पाहिले. पुढे १९५० साली ते अमेरिकेस गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले व शिकवू लागले, आणि १९६८पासून येल विद्यापीठात स्थिरावले. परंतु प्रजासत्ताके कशी मोडतात हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही.

त्याचे सर्वांत भरीव उत्तर १९७८ साली आले. आल्फ्रेड स्टेपन यांच्यासह संपादित केलेल्या लोकशाही राजवटींच्या विध्वंसावरील ग्रंथात लिन्झ यांनी असे दाखवले की दारिद्र्य, वर्गकलह आणि पराभवाची नामुष्की ही संकटाची कारणे खरी, पण संकटापासून विनाशापर्यंतचे अंतर माणसांच्या निर्णयांनी कापले जाते. त्यातही उघड वैऱ्यांपेक्षा त्यांना अधिक धास्ती वाटली ती अर्धनिष्ठांची. म्हणजे राज्यघटनेची शपथ घेऊनही ती मोडणाऱ्यांशी गुप्त खलबते करणाऱ्या, त्यांच्या हिंसेला ‘तरुण रक्त’ म्हणून पदरात घेणाऱ्या आणि त्यांना वापरून मग आवरू अशा भ्रमात राहणाऱ्या प्रतिष्ठितांची. जानेवारी १९३३मध्ये जर्मनीतील प्रतिष्ठित राजकारणी फॉन पापेन यांनी हिटलरला सत्तेच्या दिवाणखान्यात आणले ते याच हिशेबाने. याउलट फिनलंडमध्ये १९३२ साली उजव्या लापुआ चळवळीचे सशस्त्र लोक बंडाला उभे राहिले, तेव्हा त्याच चळवळीच्या पाठबळाने अध्यक्षपदी चढलेले स्विनहुफवुड यांनी आकाशवाणीवरून त्यांना घरी परतण्याचा हुकूम फर्मावला, आणि प्रजासत्ताक वाचले. उजव्या विचाराचा मनुष्य उजव्या बंडखोरांना आवरतो, तेव्हा त्याच्या निष्ठेची खरी कसोटी लागते. ही गोष्ट कोणत्याही देशातील सुशिक्षितांनी मनावर कोरून घ्यावी अशी आहे.

१९९० साली अध्यक्षीय पद्धतीच्या धोक्यांवर त्यांचा जो लेख आला, त्याने मोठे वादळ उठवले. अध्यक्ष आणि विधिमंडळ दोघेही थेट जनतेकडून निवडून आलेले. दोघांतील तंटा कोणत्या कचेरीत न्यावा याची सोय नाही, आणि अध्यक्षाची मुदत तर बांधलेली. चिलीमध्ये १९७० साली सुमारे ३६ टक्के मतांवर आयेंदे अध्यक्ष झाले. विरोधकांपाशी विधिमंडळात बहुमत असले तरी आयेंदे यांना हटवण्याइतके दोनतृतीयांश नव्हते, तडजोडीची दारे एकेक बंद झाली, आणि ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने तोफांनी तंटा मिटवला. लॅटिन अमेरिकेतील अशा शोकांतिकांचा दोष पद्धतीपेक्षा तेथील लष्करांच्या पूर्वेतिहासाला द्यावा, असा आक्षेप पुढे आला व त्यात तथ्यही आहे. तरी मुदतबंद सत्तेचा ताठरपणा त्यातून नाहीसा होत नाही.

येथे मराठी वाचकाला दुसऱ्याच एका भाषणाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. आंबेडकरांनी स्थैर्य आणि जबाबदारी यांची तुलना केली होती, आणि मसुद्याने संसदीय पद्धतीच्या रूपाने जबाबदारीला झुकते माप दिल्याचे स्पष्ट सांगितले होते. लिन्झ यांच्या लेखाच्या बेचाळीस वर्षे आधी तोच तराजू येथे हाती घेतला गेला होता, याचा मला अभिमान वाटतो. वार्धक्यात लिन्झही भारताकडे वळले: २०११ साली स्टेपन आणि योगेंद्र यादव यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात, एकच भाषा व एकच संस्कृती न लादता अनेक समाजांना एका राज्याविषयी आपुलकी वाटू शकते, हे त्यांनी प्रामुख्याने भारताच्या आधारे मांडले.

अध्यक्षीय पद्धतीच्या धोक्यांवरील त्या लेखात, ही पद्धती अमेरिकेत टिकली याचे श्रेय लिन्झ यांनी तेथील पक्षांच्या सैल, मिश्र घडणीला दिले होते. ती घडण पुढे घट्ट होत गेली. १ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यू हेवन येथे लिन्झ निवर्तले. त्याच दिवशी अध्यक्ष आणि प्रतिनिधिगृह यांच्यातील पेचापायी खर्चाची मंजुरी अडकून वॉशिंग्टनमधील कित्येक सरकारी कचेऱ्यांना कुलपे लागली होती.