नाचता नाचता लॉर्ड चॅन्सेलर!

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिची मर्जी बसली की नशीब उघडायचं. नॉर्दम्प्टनशायरच्या जमीनदार घरातला सर ख्रिस्तोफर हॅटन (१५४०–१५९१) याचं तर घर, जमीन, पद, सगळंच त्या मर्जीवर उभं होतं. त्याच्या आयुष्यातल्या या सहा भन्नाट गोष्टी.

पायांची कमाई: हॅटन नाचायचा फार सुंदर. ‘हा गॅलियार्ड नावाचा नाच करतच दरबारात शिरला,’ असं त्याचा वैरी सर जॉन पेरट हिणवायचा.

वकिलांचा जळफळाट: १५८७ मध्ये राणीने त्याला थेट लॉर्ड चॅन्सेलर केलं, म्हणजे देशातला सर्वोच्च न्यायाधिकारी. मुरलेले वकील चडफडले. हॅटनने मात्र जाणकारांना शेजारी बसवून, त्यांचा सल्ला घेत शहाणपणाने कारभार केला.

भाडं किती? एक गुलाब! लंडनमधली एलीच्या बिशपची वाडी राणीने दबाव आणून त्याला मिळवून दिली. वर्षाचं भाडं एक लाल गुलाब, दहा गाड्या गवत आणि दहा पौंड. बिशपनेही बागेत फिरण्याचा आणि दरवर्षी टोपल्या भरभरून गुलाब नेण्याचा हक्क राखून ठेवला.

जहाजावर हरिणी: दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या जगप्रदक्षिणेला हॅटनचा भक्कम पाठिंबा होता. हॅटनच्या कुलचिन्हावर सोनेरी हरिणी होती. म्हणून १५७८ मध्ये वाटेतच ड्रेकने ‘पेलिकन’ जहाजाचं नाव बदलून ‘गोल्डन हाइंड’, म्हणजे सोनेरी हरिणी, असं ठेवलं.

पाहुणी आलीच नाही: नॉर्दम्प्टनशायरमधल्या होल्डनबीला त्याने दोन भव्य चौकांचा, काचेच्या खिडक्यांनी झगमगणारा प्रासाद बांधला, तोही राणीच्या स्वागतासाठी. एका पत्रात त्याने या घराला देवस्थान आणि राणीला त्यातली संत म्हटलं. राणीचे पाय त्या घराला कधीच लागले नाहीत.

माया वेगळी, हिशेब वेगळा: हॅटनने लग्न केलं नाही. शेवटच्या आजारपणात राणी स्वतः त्याला भेटायला गेली. पण तिच्या तिजोरीचं चाळीस हजार पौंडांहून जास्त देणं त्याच्या डोक्यावर होतं, ते तिने सोडलं नाही. कर्ज त्याच्या भाच्याकडे गेलं.

दरबारी वैभवाचं खरं रूप हेच: राणी हात सढळ ठेवायची, पण खातेवही कधी मिटायची नाही. त्या गुलाबाच्या भाड्याच्या जागेवर आज ‘हॅटन गार्डन’ ही लंडनची हिरेबाजारपेठ आहे.